स्टुडिओतल्या अनाम साथीदारांवर माहितीपट करताना: सांगली-मिरजेतील होतकरूंसाठी

स्टुडिओत बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ केली, पण ज्यांचे नाव ना रेकॉर्डच्या चकतीवर आले, ना कॅसेटच्या कागदावर, ना चित्रपटाच्या श्रेयनामावलीत, अशा वादकांवर माहितीपट करू इच्छिणाऱ्यांनी कॅमेरा भाड्याने आणण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. कोणत्या गाण्यातल्या कोणत्या जागेवर कोणाचा हात आहे हे आपल्याला दाखवायचे आहे, आणि ते आपण कशाच्या आधाराने म्हणतो हेही सांगायचे आहे. या विषयावरचे बरेचसे चित्रण नुसत्या हळहळीत संपते. जुनी पेटी, भिंतीचे निघालेले पोपडे, डोळे पुसणारे वयस्क वादक आणि मागे करुण सारंगी, एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटे सहज निघतात. पण त्या माणसाने नेमके वाजवले काय, हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही. ज्याला ती आठ मात्रांची जागा ऐकूच आली नाही, त्याला ती वाजवणाऱ्याचे नाव कळून तरी काय उपयोग?

माणसे कोठे शोधावीत

स्टुडिओ मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरचा असला, तरी शोधाची सुरुवात सांगली-मिरजेतून करता येते. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे घडवले जात आहेत, आणि २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांचे दफन झाले, आणि उरुसातल्या संगीत महोत्सवाला आजही देशभरातले कलावंत हजेरी लावतात. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मास्टर दीनानाथांचे बिऱ्हाडही काही काळ याच गावात होते. आणि तासभराच्याही आत पोचता येईल अशा कवलापूरने काळू-बाळूंचा तमाशा दिला. या साऱ्याच्या जोडीला आकाशवाणीचे सांगली केंद्र. त्यामुळे पेटी, तबला, ढोलकी, संबळ, सारंगी, व्हायोलिन यांपैकी काही ना काही व्यावसायिक सफाईने वाजवणारी माणसे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली. त्यांतली काही आकाशवाणीत गेली, काहींनी कॅसेटच्या जमान्यात भक्तिगीते आणि लोकगीतांचे ट्रॅक वाजवले, तर काहीजण रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठून ध्वनिमुद्रण आटोपून परत येत असत.

शोध घेताना गायकांकडे आधी जाऊ नये. गायकाला आपला नेहमीचा साथीदार आठवतो. स्टुडिओत एका दिवसापुरता आलेला वादक त्याला सहसा आठवत नाही. त्यापेक्षा वाद्य दुरुस्त करणाऱ्यांकडे जावे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर, पेटीचे सूर लावून देणारे, तबल्याला आणि ढोलकीला शाई भरून देणारे यांना कोणाचे वाद्य केव्हा, कशासाठी दुकानात आले हे बारकाईने ठाऊक असते. ‘मुंबईला रेकॉर्डिंग आहे, परवापर्यंत पाहिजे’ असे सांगून घाईने सतारीची जवारी काढून घेणारा (म्हणजे तारा नीट गुंजाव्यात म्हणून घोडी घासून घेणारा) गिऱ्हाईक कारागीर विसरत नाही. त्यानंतर भजनी मंडळे, लग्नसराईतले बँड आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांचे जुने चालक यांच्याकडे चौकशी करावी. पहिल्या दोन-तीन भेटींत कॅमेरा बाहेर काढू नये, वहीसुद्धा बेताचीच उघडावी. आणि पंधरा वादकांच्या ओझरत्या मुलाखतींपेक्षा एक किंवा दोन वादक आणि त्यांची तीन-चार गाणी एवढाच आवाका ठेवावा. पंधरा जणांच्या माहितीपटात पुन्हा सगळेच अनाम राहतात.

पुरावा कसा जमवावा

सर्वांत जास्त वेळ या कामाला द्यावा लागेल, आणि तो द्यावा. कागदांमध्ये पुढील गोष्टी मिळण्याची शक्यता असते: आकाशवाणीची करारपत्रे, मानधनाच्या पावत्या, मुंबईत काम केलेल्यांकडे सिने म्युझिशियन्स असोसिएशनचे ओळखपत्र, स्वतःच्या हाताने लिहिलेले नोटेशन, आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रोजनिशी. तीत बहुधा गाण्याचे नाव नसते. तारीख, स्टुडिओचे नाव, कोणी बोलावले आणि किती रुपये मिळाले, एवढेच असते. ते साहजिकच आहे, कारण वादकाच्या हातात त्या दिवशी गाणे नव्हते, चार-पाच तुकडे होते. गाण्याचे शब्द पुढे बदलले, चित्रपटाचे नाव बदलले, कधी गाणे चित्रपटातून वगळलेही गेले. म्हणून रोजनिशीतली तारीख आणि स्टुडिओ एका बाजूला व रेकॉर्ड प्रसिद्ध झाल्याचे वर्ष दुसऱ्या बाजूला, असा मेळ घालावा. रेकॉर्डच्या चकतीवरचा क्रमांक, कॅसेटचा क्रमांक आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली जुनी गीतपुस्तिका यांवरून वर्ष बऱ्याचदा निश्चित करता येते.

आपल्याकडे कागदांच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी सांगलीच्या नदीकाठच्या वस्त्यांत शिरले आणि तळमजल्यावरच्या ट्रंका, कपाटे, कॅसेटचे खोके त्यात भिजले. घरात काहीच उरले नसेल, तर विद्यार्थ्यांकडे, जावयाकडे, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जुन्या शेजाऱ्याकडे विचारावे. चिखलाने चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. ती कागद-जतनाचे काम करणाऱ्याकडे न्यावीत. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसत असेल, तर ती डेकमध्ये घालून ‘वाजते का ते बघू’ असे मुळीच करू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. चांगल्या स्थितीतली कॅसेटही एकदाच, नीट साफ केलेल्या डेकवर वाजवून चोवीस बिटमध्ये उतरवून घ्यावी.

कागद नसतील तेव्हा कान हा पुरावा असतो, मात्र तो तपासून घ्यावा लागतो. सांगलीच्या खणभागातल्या एका पेटीवादकांशी बोलताना याचा मला चांगला प्रत्यय आला. एका भक्तिगीताच्या कॅसेटवर आपणच वाजवले आहे असे ते सांगत होते, पण कागदावर गायकाखेरीज कोणाचे नाव नव्हते. गाणे लावल्यावर त्यांनी पहिल्या अंतऱ्याच्या आधी हात वर केला आणि म्हणाले, “इथे ऐका, पेटी श्वास घेते.” ध्वनी वाढवून ऐकल्यावर खरोखरच, सूर सुरू होण्याच्या क्षणभर आधी वारा सुटल्यासारखा बारीक आवाज होता. त्यांच्या पेटीच्या भात्याला डाव्या कोपऱ्यात चीर होती आणि ती चामड्याने बुजवलेली होती. भाता पूर्ण उघडला की तिथून हवा जाई. पेटी घरातच होती. त्यांनी ती पुढे ओढली, भाता उघडला, आणि तोच आवाज खोलीत ऐकू आला. माहितीपटात असे एक मिनिट मिळाले, तर उपेक्षेवरची दहा वाक्ये गाळता येतात.

अर्थात अशा मिळत्या आवाजावर एकट्यावर विसंबू नये. कानाला काय वाटते आणि प्रत्यक्षात काय वाजले, यांत केवढे अंतर असू शकते याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी. ती ऐकून पिढ्यान्‌पिढ्या माना डोलल्या, पण तिथे गारुड्याची पुंगी नव्हती; कल्याणजींचे क्लॅव्हायोलिन (पट्ट्यांचे एक इलेक्ट्रॉनिक वाद्य) आणि रवी यांची हार्मोनियम यांतून तो ध्वनी तयार झाला होता. हे दोघेही पुढे स्वतः संगीतकार झाले म्हणून त्यांची नावे आपल्याला कळली. शेजारी बसलेल्या इतर वादकांचे तसे झाले नाही.

काळाशी ताळा जुळतो का, हेही पाहावे. समजा, एखाद्या कुटुंबात अशी आठवण आहे की आजोबांनी १९५० च्या दशकात आकाशवाणीवरून पेटीची साथ केली. आकाशवाणीवर १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी आली आणि १९७१ मध्ये ती काही अंशी उठली, म्हणजे ही आठवण जशीच्या तशी खरी धरता येत नाही. आजोबा खोटे बोलत होते असा याचा अर्थ नाही. कदाचित कार्यक्रम आकाशवाणीचा नसेल, कदाचित दशक वेगळे असेल, कदाचित त्यांनी त्या दिवशी दुसरेच वाद्य वाजवले असेल. पुन्हा, नावे न ठेवता, चिडचिड न करता विचारावे.

स्वरपट्टीची तपासणी करताना एक तांत्रिक खबरदारी घ्यावी. जुन्या डेकची गती कमी-जास्त असते, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डही सर्वस्वी ७८ च्या गतीनेच कोरलेल्या असतात असे नाही, त्यामुळे मुळात काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गायलेले गाणे काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधे कोठेतरी ऐकू येते. अशा वेळी वादकाला सोबत वाजवायला सांगितले, तर पेटी बेसूर लागते आणि त्यांना आपल्याच स्मरणाची शंका येऊ लागते. आधी संगणकावर गती दुरुस्त करावी, मगच त्यांना ऐकवावे.

जमलेल्या पुराव्याप्रमाणे श्रेयाची प्रत ठरवावी आणि ती पडद्यावर स्पष्ट लिहावी. लेखी नोंद असेल तर नाव सरळ द्यावे; दोन स्वतंत्र माणसांनी सांगितले असेल तर ‘सहवादकांच्या सांगण्यानुसार’ असे लिहावे; केवळ स्वतः वादकाचेच म्हणणे असेल तर तेही तसेच लिहावे. एकाचे हिरावलेले श्रेय परत देताना दुसऱ्याचे हिरावले जाऊ नये, यासाठी हा खटाटोप.

मुलाखत आणि ध्वनी

वादकांना त्यांच्या वर्तुळात ज्या नावाने हाक मारतात, त्याच नावाने बोलावे. पेटीवाले बहुतेक ‘मास्तर’ असतात, भजनातले ‘बुवा’, मिरजेतल्या कारागिरांना ‘चाचा’ म्हटलेले चालते. ‘सर’ म्हटले की माणूस ताठ बसतो आणि सत्काराला उत्तर दिल्यासारखा बोलू लागतो. ‘तुमच्यावर अन्याय झाला असे वाटते का?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारूच नये. त्याचे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी खोलीची रचना विचारावी: गायक कोठे उभा होता, तुम्ही कोठे बसला होता, माइक किती होते, खूण कोण करत होते. एकाच ट्रॅकवर सगळे एकदम ध्वनिमुद्रित होण्याच्या काळात मोठ्या आवाजाची वाद्ये माइकपासून दूर आणि नाजूक वाद्ये जवळ बसवून समतोल साधला जाई, आणि शेवटच्या ओळीत कोणाचाही एक सूर चुकला की गायकासकट सर्वांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. हे सांगताना वादक आपोआप त्या दिवसात जातात. कागदावर आकृती काढायला दिली, तर आणखी चांगले. ती आकृती माहितीपटात वापरता येते.

वाद्य समोर असल्याशिवाय मुलाखत घेऊ नये. ‘मी तिथे लग्गी (ठेक्याच्या जागी जलद, खटकेदार बोल) लावली’ हे वाक्य सर्वसामान्य प्रेक्षकाला काहीच सांगत नाही. साधा ठेका चार आवर्तने, मग तीच जागा लग्गीसह, आणि लगेच मूळ गाण्यातला तो तुकडा, या क्रमाने दाखवले की संगीत न शिकलेल्यालाही फरक ऐकू येतो. गाण्यातून वाद्ये वेगळी काढून देणारी संगणक-प्रणाली आता सहज मिळते, पण जुन्या एकपदरी ध्वनिमुद्रणात तबला, ढोलकी आणि पेटी यांचे ध्वनी एकमेकांत इतके मुरलेले असतात की निघणारा आवाज पुष्कळदा विद्रूप असतो. वादकाला त्यांचा भाग आज वाजवायला सांगणे अधिक प्रामाणिक.

या माहितीपटात ध्वनी हाच विषय असल्यामुळे, पैसे कमी असतील तर कॅमेऱ्यात काटकसर करावी, माइकमध्ये नको. बोलण्यासाठी कॉलरचा माइक आणि वाद्यासाठी वेगळा माइक ठेवावा. कॉलरचा माइक वाजवताना कपड्याला घासतो. पेटीसमोर माइक भात्याच्या बाजूला न ठेवता सुरांच्या वरच्या अंगाने तिरपा ठेवावा. ढोलकीवाल्यांना आधी सर्वांत जोरदार थाप मारायला सांगून ती उणे बारा डेसिबलच्या आसपास बसेल अशी पातळी लावावी, कारण रंगात आल्यावर ते त्याहून जोरात मारणारच. अठ्ठेचाळीस किलोहर्ट्‌झ, चोवीस बिट ही मांडणी पुरेशी आहे. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्‌झची असल्याने चित्रीकरण सेकंदाला पंचवीस चौकटींनी आणि शटर एक पन्नासांश सेकंदावर करावे, म्हणजे ट्यूबलाइट लुकलुकत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद (चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्यावर ठेवावी), आणि मुलाखत संपल्यावर कोणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीची शांतता मुद्रित करावी. संकलनात तिची गरज पडतेच.

हक्क आणि परवानग्या

हौशी मंडळी हा भाग शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ-वादकांवर गिटारवादक टॉमी टेडेस्को यांच्या मुलाने, डेनी टेडेस्को यांनी केलेला ‘द रेकिंग क्रू’ हा माहितीपट २००८ मध्ये महोत्सवांत दाखवला गेला, पण चित्रपटगृहांत यायला २०१५ उजाडले. मधली वर्षे मुख्यतः त्यातल्या गाण्यांच्या परवान्यांसाठी पैसे उभे करण्यात गेली. म्हणून गाणी कमी घ्यावीत, असे सुरुवातीलाच म्हटले.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डचा तो हक्क २०२० अखेर संपला. मात्र गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे असतात आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात. त्यामुळे रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणे मोकळे झाले असे समजू नये. कॅसेटच्या काळातली जवळपास सर्व गाणी अजून हक्कांकित आहेत. तिथे ध्वनिमुद्रण कंपनीची लेखी परवानगी लागेल. कंपनी बंद पडली असेल, तर तिचा संग्रह कोणी विकत घेतला ते शोधावे लागेल. ‘दहा सेकंद वापरले तर चालते’ ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत कायद्यात कोठेही नाही. समीक्षेसाठी रास्त वापराची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर संकलन करण्याआधी या विषयाच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. संकेतस्थळांवरची स्वयंचलित यंत्रणा तर तुमचा युक्तिवाद ऐकण्याआधीच चित्रफीत अडवते.

वादकांच्या स्वतःच्या हक्कांविषयी कायद्यात जे आहे, ते माहितीपटातच सांगण्याजोगे आहे. प्रयोगकर्त्यांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते विस्तारले. पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीत ‘प्रयोगकर्ता’ या व्याख्येला एक परंतुक (अपवाद सांगणारी अट) जोडले गेले: चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचा आहे आणि व्यवसायाच्या रूढ प्रथेप्रमाणे ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीसह कोठेही केला जात नाही, त्याला प्रयोगकर्ता मानले जाणार नाही, आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क तेवढा त्याच्याकडे राहील. स्टुडिओत बसलेल्या वादकाचा सहभाग प्रासंगिक मानायचा की नाही, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. तरीही नाव न छापण्याची प्रथा हीच हक्क नाकारण्याच्या कसोटीचा भाग बनली आहे, आणि श्रेयनामावलीतली एक ओळ केवळ मानाची बाब उरलेली नाही, हे एखाद्या जाणकार वकिलाच्या तोंडून दोन मिनिटांत सांगता येईल. ‘उपेक्षित’ हा शब्द मग निवेदनात एकदाही वापरावा लागणार नाही.

हाच न्याय स्वतःलाही लावावा. वादक तुमच्या कॅमेऱ्यासमोर वाजवतात तेव्हा ते नवे सादरीकरण असते. त्याचे मानधन द्यावे, संमतिपत्र सोप्या मराठीत करावे, ते घरी वाचायला दोन दिवस द्यावेत, आणि त्यांच्या वाजवण्याचा भाग दुसरीकडे वापरायचा झाल्यास पुन्हा विचारण्याची अट त्यात घालावी. मिळालेल्या मानधनाचे जुने आकडे पडद्यावर दाखवायचे असतील, तर स्वतंत्र परवानगी घ्यावी. पैशाची गोष्ट घरातल्यांनाही ठाऊक नसते. एखाद्या नामवंत संगीतकाराने पैसे बुडवल्याची तक्रार निघाली आणि तिला कागदाचा आधार नसेल, तर नाव वगळावे.

संकलन आणि दाखवणे

निवेदन शक्य तितके कमी ठेवावे. मूळ गाण्याचा तुकडा दोनदा ऐकवावा, एकदा वादकाचे म्हणणे ऐकण्याआधी आणि एकदा नंतर. दुसऱ्या वेळी पडद्यावर काहीही हलते नसावे. शेवटच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे तंत्रज्ञांच्या आधी, वाद्यासह, वाचता येतील एवढ्या संथपणे जावीत. ती भरभर पळवली, तर हा सगळा खटाटोप कशासाठी केला असे लोक विचारतील, आणि त्यांचे बरोबरच असेल.

पहिला खेळ वादकांच्या घरी, कुटुंबासह करावा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करूनच पुढे जावे. सांगलीत जाहीर खेळ भावे नाट्यमंदिरासारख्या ठिकाणी ठेवता आला तर उत्तम, मात्र नाट्यगृहाची ध्वनियंत्रणा आदल्या दिवशी जाऊन ऐकावी. जाहीर प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राची आवश्यकता कोठे आहे आणि कोठे सूट मिळते, याची चौकशी आयोजकांकडे आधीच करावी. दारात एक वही आणि पेन ठेवून एक माणूस बसवावा. खेळ संपल्यावर कोणीतरी येऊन सांगणार, की अमुक गाण्यातला तबला माझ्या वडिलांचा होता, किंवा तुम्ही दाखवलेल्या गाण्यात त्या दिवशी दुसराही पेटीवाला हजर होता. नाव, दूरध्वनी, गाणे, आणि घरात काही कागद आहे का, एवढे लिहून घ्यावे. आठवड्याभरात त्यांच्याकडे जावे, आणि म्हणणे खरे ठरले तर पुढच्या खेळाआधी पडद्यावरची श्रेयाची पाटी बदलावी.